एसी लावला की ट्रक का थरथरतो?



आजचा विषय जरा तेलकट आहे. ट्रक उभा आहे, इंजिन चालू आहे, सगळं ठीक आहे. एसीचं बटण दाबलं की इंजिनची लय बिघडते. काटा खाली येतो, वर जातो, पुन्हा खाली येतो. केबिन थरथरायला लागते. ड्रायव्हर लोक म्हणतात, ‘आयडलिंग धरत नाही.’ हे का होतं आणि त्याचं मूळ कसं शोधायचं, ते मी आज सांगणार आहे. पुस्तकातलं नाही, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चेन्नईत माझ्यासमोर घडलेलं.

आधी थोडं माझ्याविषयी. मी बीएस्सी झालेला माणूस, इंजिनिअर नाही. 1985 साली चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून कमिशन घेतलं आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेलो. आमचं काम वाहतुकीचं. रेशन, पेट्रोल, दारूगोळा जिथे पाहिजे तिथे पोचवायचा. त्यामुळे सगळी नोकरी गाड्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या संगतीत गेली. निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे पुन्हा चेन्नईत आलो. जिथून सुरुवात केली तिथेच परत.

तर मे महिन्यात एक फोन आला. आमच्या जुन्या कंपनीतला ड्रायव्हर, नंतर हवालदार होऊन निवृत्त झालेला. सातारा जिल्ह्यातला. निवृत्तीनंतर त्याने कर्ज काढून एक सेकंडहॅण्ड ट्रक घेतला आणि नाशिककडचा कांदा चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात आणायचं काम धरलं. सोबत मुलगा असतो.

‘साहेब, माधवरमला उभा हाय. गाडी लय थरथरतीया. एसी लावला की बंद पडंल असं वाटतंय. वर्कशॉपवाला म्हणतो, पंप आन् चारी इंजेक्टर काढायला लागतील. बहात्तर हजार सांगितल्यात.’

मी विचारलं, ‘मग एसी बंद ठेवा की. चालते ना गाडी?’

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मागच्या उन्हाळ्यात पोरगं केबिनमध्येच बेशुद्ध पडलं व्हतं, साहेब. तवाच एसी बसवून घेतला.’

मंडळी, एसी म्हणजे चैन असं वाटत असेल तर मे महिन्यात चेन्नईला या. इथे त्या दिवसांना ‘अग्नी नक्षत्रम’ म्हणतात, मे महिन्याचे जवळजवळ चार आठवडे. पारा चाळिशीच्या आसपास, आणि समुद्रामुळे हवेत इतका दमटपणा की घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ट्रकचा ड्रायव्हर त्या पत्र्याच्या डब्यात जेवतो, झोपतो, परतीच्या लोडची वाट बघत दिवस काढतो. सरकारनेही आता ते मान्य केलं. साडेतीन टनांपुढचे जे नवे ट्रक तयार होतील, त्यांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम झाला. पण रस्त्यावर आधीपासून असलेल्या गाड्यांना तो लागू नाही. त्या मालकांनी स्वतःच्या खिशातून बाहेरचा एसी बसवायचा आणि त्याच्या तक्रारीही स्वतःच निस्तरायच्या.

मी म्हटलं, ‘पैसे देऊ नका. उद्या सकाळी येतो.’

आणखी एक गोष्ट होती. या माणसाचं माझ्यावर एक जुनं देणं होतं. पैशाचं नाही. ते पुढे सांगतो.

आता ‘आयडलिंग’ म्हणजे काय ते समजून घेऊ. शाळेत सायकलची स्लो रेस असायची, आठवते? सगळ्यात शेवटी येईल तो जिंकला. जोरात सायकल चालवताना कोणी हलका धक्का दिला तर काही होत नाही. स्लो रेसमध्ये मात्र नुसतं बोट लावलं तरी माणूस पाय टेकतो. इंजिनचंही तसंच आहे. ट्रकच्या कागदावर दीडशे अश्वशक्ती लिहिलेली असते, पण ती दोन-अडीच हजार फेऱ्यांवर. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सहाशे ते साडेसातशे फेऱ्यांवर, स्वतःला जेमतेम चालू ठेवण्यापुरतं डिझेल घेत फिरत असतं. अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन अश्वशक्तीचा भार टाकतो. इंजिन किंचित दबतं, पंपातला गव्हर्नर थोडं जास्त डिझेल सोडतो, फेऱ्या पुन्हा जागेवर येतात. एवढं होणारच. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

बिघाड तेव्हा, जेव्हा ती लय सापडतच नाही. मग शक्यता दोन. एक तर इंजिन इतकं अशक्त आहे की नेहमीचा भारही पेलत नाही. नाही तर इंजिन ठणठणीत आहे, पण भारच नेहमीपेक्षा जास्त येतोय. वर्कशॉपवाल्याने पहिली शक्यता धरली आणि बहात्तर हजारांचा आकडा सांगितला. दुसरी कोणी तपासलीच नव्हती.

इंटरनेटवर शोधलंत तर ‘थ्रॉटल बॉडी साफ करा, आयडल व्हॉल्व्ह बदला’ असे सल्ले मिळतील. ते बहुतेक पेट्रोल गाड्यांचे असतात. या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात ते भागच नाहीत. दुसऱ्याच्या आजारावरचं औषध आपण घ्यायचं नाही.

सकाळी सात वाजता माधवरमच्या ट्रक टर्मिनलला पोचलो. हवालदार बॉनेटजवळ उभा होता. मला बघून सवयीने सावधान झाला. केस पांढरे, पण उभं राहणं तेच. फौजेत रोज सकाळी गाडीची ‘फर्स्ट परेड’ असते. तेल, पाणी, पट्टे, टायर, गळती, सगळं ठरलेल्या क्रमाने बघायचं आणि मगच गाडी हलवायची. मी म्हटलं, ‘चला, फर्स्ट परेड करू.’ तो हसला.

हॅण्डब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. पाना हातात घेण्याआधी मी नुसते प्रश्न विचारले. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून सगळे सांगतो.

एसी बंद असताना थरथरते का? नाही, एकदम गुळगुळीत.

म्हणजे इंजेक्टर आणि पंपावरचा संशय निम्मा कमी झाला. एखादं सिलिंडर नीट पेटत नसतं तर एसीविनाही थोडं कळलं असतं.

घाटात ओढते का? भरलेली गाडी नेहमीसारखी ओढते. धूर? नाही.

संशय आणखी कमी.

हायवेवर एसी लावला तर? ‘काय बी त्रास न्हाय साहेब. गार पण मस्त करतो. उभी केली की सुरू.’

लगेच सुरू होतं की थोड्या वेळाने? त्याने आठवून सांगितलं, ‘पयली दोन-तीन मिनिटं बरी असती. मग सुरू होतं.’

मंडळी, हे शेवटचं वाक्य बहात्तर हजारांचं होतं. कॉम्प्रेसरचा नेहमीचा भार तर बटण दाबल्याक्षणी येतो. इथे भार हळूहळू वाढत होता, आणि गाडी पळत असेल तर वाढत नव्हता. पळत्या गाडीला असं काय मिळतं जे उभ्या गाडीला मिळत नाही? वारा.

एसीच्या समोरच्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. केबिनमधली उष्णता गॅस घेऊन येतो आणि ती कंडेन्सरमधून बाहेरच्या हवेला देतो. हवा मिळाली नाही तर गॅस थंड होत नाही, त्याचा दाब चढत जातो. दाब चढला की कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर इंजिनाकडूनच येतो. दाब फारच चढला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. भार अचानक गेल्यामुळे इंजिनच्या फेऱ्या उसळतात. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा चालू, इंजिन पुन्हा दबलं. हाच तो काट्याचा वर-खाली खेळ.

पण हा झाला तर्क. तर्क तपासून बघायला हवा. एसी लावला आणि आम्ही कॉम्प्रेसरच्या चुंबकी क्लचचा आवाज ऐकत उभे राहिलो. ‘टक’ झालं, क्लच लागला. तीन मिनिटं शांत. मग इंजिन जड होत गेलं, काटा साडेसहाशेवरून साडेपाचशेकडे. ‘टक’, क्लच सुटला आणि काटा साडेसातशेवर. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक’. क्लचचा आवाज आणि काट्याची उडी अगदी एकाच वेळी.

गॅस कमी असला तरी क्लच असा लागतो-सुटतो. पण तेव्हा तो काही सेकंदांत लागतो-सुटतो, गाडी पळत असली तरी गार करत नाही, आणि सुटण्याआधी इंजिन असं जड होत नाही.

हवालदाराच्या मुलाकडे फवारणीची बाटली होती, काच पुसायची. त्याला म्हटलं, कंडेन्सरवर पाणी मार. पंख्याच्या तारांवर नको, फक्त जाळीवर. त्याने मारलं. अर्ध्या मिनिटात काटा स्थिर. थरथर गेली. पाणी वाळलं, थरथर परत. पुन्हा मारलं, पुन्हा गेली. एक पैसा खर्च न करता कळलं की इंजिन निर्दोष आहे.

हवालदार म्हणाला, ‘पण साहेब, पंखा तर फिरतोय.’

फिरत होताच. वर्कशॉपमध्येही सगळ्यांनी तो फिरताना बघितला होता आणि ‘पंखा ओके’ म्हणून पुढे गेले होते. मी मुलाला वर्तमानपत्राचा एक कागद जाळीसमोर धरायला सांगितला. पंखा ताकदीने हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो. आमचा कागद सरळ खाली पडला. पंखा नुसता फिरत होता, काम करत नव्हता.

जवळच एक तमिळ इलेक्ट्रिशियन होता, त्याला बोलावलं. माझी तमिळ 1985 सालची, त्याची हिंदी तेवढीच. पण मल्टिमीटरला भाषा लागत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर 27 व्होल्टच्या वर. पंख्याच्या दोन टोकांवर जेमतेम 20. सात व्होल्ट कुठे गेले? त्याने मीटरची एक तार पंख्याच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. ही एकच तार असल्यासारखी, म्हणजे तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले सात. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ‘अर्थ इल्लै, सार.’

‘इल्लै’ म्हणजे नाही. अर्थ नाही! मी मराठी माणूस, मला हसू आलं. त्याला काही कळेना.

चेसिसला जोडलेली पंख्याची ती अर्थची तार शोधली. बोल्टखाली हिरवट-पांढरा थर. आधीच्या मालकाची गाडी कासिमेडूच्या मासळी बंदरात चालायची. मासळीचं खारं पाणी आणि समुद्राची हवा, दोघांनी मिळून तो जोड खाऊन टाकला होता. वीज जात होती, पण अडखळत. म्हणून पंखा फिरायचा, पण अर्ध्या जिवाने.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, नवी जाड तार आणि चांगले लग पुदुपेटहून आणू. पुदुपेट म्हणजे चेन्नईतला गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार. तो मुलाला स्कूटरवर घेऊन गेला. आम्ही दोघे ट्रकच्या सावलीत चहा घेत बसलो. आणि मी ते देणं काढलं.

1988 साल, राजस्थान. मी तरुण अधिकारी, हा नवा ड्रायव्हर. आमच्याकडे शक्तिमान गाड्या होत्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणाऱ्या. याची गाडी उभी केली की बंद पडायची. काफिल्यात दोनदा पडली. मी विचारलं, मेंटेनन्स केलास का? तो म्हणाला, केला साहेब. मी म्हटलं, खोटं बोलतोस. सात दिवस जादा गार्ड ड्युटी लावली. पंधरा दिवसांनी कारागिराला सापडलं की डिझेलच्या नळीच्या जोडात तांब्याचा वॉशर चिरला होता आणि तिथून हवा शिरत होती. पोरगं खरं बोलत होतं. मला कळलं आणि मी गप्प बसलो. अधिकाऱ्याने जवानाची माफी मागायची नसते, असं मला तेव्हा वाटायचं.

हे सगळं त्याला सांगून मी म्हटलं, ‘हवालदार, तेव्हा माझं चुकलं. तपासायच्या आधी मी तुमच्यावर ठपका ठेवला. सदतीस वर्षं उशीर झाला, पण माफ करा.’

तो कपाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘साहेब, ते ध्यानात हाय माझ्या. राग लय आला व्हता.’ मग थोडं थांबून, ‘पर वॉशर म्या बी बघितला न्हवता. तवापास्नं कुठल्या बी गाडीचा पयला जोड बघतो. ह्या अर्थच्या तारेकडं मात्र ध्यान गेलं न्हाय.’

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. चहा दुसरा मागवला.

तार आली. चेसिसची जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, लग घट्ट दाबला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. पंखा सुरू केला आणि आवाजच बदलला. कागद जाळीला चिकटला तो सुटेना. फरक मीटरवर सातावरून 0.2 वर. एसी लावून गाडी अर्धा तास उभी ठेवली. काटा किंचित दबला, सावरला आणि तिथेच राहिला.

पण मी अजून समाधानी नव्हतो. शेजारच्या एसीवाल्याला गेज लावायला सांगितलं आणि अर्थची नवी तार मुद्दाम सोडवून, जुनी होती तशी लावली. गॅसचा दाब चढत 340 पीएसआयला गेला, थरथर परत आली. नवी तार लावली, दाब 240 च्या आसपास, थरथर गेली. दोष हवा तेव्हा परत आणून दाखवता आला, तरच तो सापडला असं समजायचं. नाही तर आपण नशिबाला कारण म्हणतो.

शेवटचं एक काम राहिलं होतं. एसी बंद केल्यावर आयडलिंग थोडं जास्तच वाटत होतं. बघितलं तर कोणीतरी पंपावरचा आयडलचा स्क्रू वर चढवून ठेवला होता. म्हणजे दोष आधीच कोणाच्या तरी लक्षात आला होता, आणि त्याने तो शोधण्याऐवजी झाकला होता. झाकलेल्या दोषाचं भाडं रोज डिझेलमध्ये जात होतं. स्क्रू जागेवर आणला. तार, लग, मजुरी आणि गेजवाल्याचे मिळून एकूण खर्च 1,150 रुपये.

आता तुमच्यासाठी क्रम सांगतो. लिहून घ्या.

पहिलं, एसी बंद असतानाही थरथरत असेल तर एसीला सोडा. डिझेल फिल्टर, नळीत शिरणारी हवा, एअर फिल्टर आणि मग इंजेक्टर, असं बघा.

दुसरं, काटा स्थिर आहे पण केबिन हलते, तर इंजिनचे रबरी माउंटिंग बघा. ते बसले की इंजिनचा प्रत्येक धक्का केबिनमध्ये येतो.

तिसरं, एसी लावल्यावरच त्रास होत असेल तर क्लचचे ‘टक’ मोजा. काट्याची उडी त्याच्याशी जुळते का ते बघा.

चौथं, कॉम्प्रेसरचा पट्टा. सैल असेल तर चिरकतो. इंजिन बंद करून हाताने कॉम्प्रेसर फिरवून बघा. अडकत असेल तर दोष त्याच्या पोटात आहे.

पाचवं, कंडेन्सरची जाळी धुळीने बुजली आहे का, पंखा कागद धरतो का.

सहावं, पंख्याच्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज येतं का. प्लसकडूनही बघा आणि अर्थकडूनही.

सातवं, काही गाड्यांत एसी लावल्यावर आयडल थोडं वर ढकलणारं छोटं यंत्र असतं. त्याची नळी किंवा तार तुटलेली नाही ना.

हे सगळं झाल्यावर गॅसचं गेज. ते मात्र जाणकाराकडूनच. गॅसचे जोड स्वतः सोडवू नका. चालू इंजिनजवळ जाताना मफलर, ओढणी, सैल बाही नको. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका.

क्रम असा का? जे फुकट आहे ते आधी, जे महाग आहे ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने बरं झालं ते कळतं.

एसीने इंजिन बिघडवलं नव्हतं. भार आला तेव्हा गाडीतला दुबळा जोड दिसला, एवढंच. भार येतो तेव्हा जो थरथरतो त्यालाच आपण दोषी ठरवतो. मी 1988 साली माणसाच्या बाबतीत तेच केलं होतं. थरथरणारा आणि बिघडलेला हे दोन वेगळे असू शकतात. आधी विचारा, मग तपासा, मग बोला.

हवालदार त्या संध्याकाळी परतीचं लोड घेऊन निघाला. रात्री वेल्लोरच्या पुढून त्याचा फोन आला. ‘साहेब, ढाब्यावर थांबलोय. एसी चालू हाय. पोरगं झोपलंय.’

जय हिंद.